ट्रिपवाली

त्या घरात दिवे गेले की "काय झालं?" असं कुणी विचारत नसे. "ट्रिपवाली कुठाय?" असं विचारत.

ट्रिपवाली म्हणजे घरातली धाकटी सून. नाव ठेवलं मोठ्या दिराने. अख्ख्या रस्त्याची वीज गेली, समोरच्या दुकानांच्या पाट्या विझल्या, तरी हा माणूस सोफ्यावर पसरल्या पसरल्या ओरडायचा, "ट्रिपवाली स्वयंपाकघरात शिरली वाटतं!" आणि स्वतःच्याच विनोदावर इतका वेळ हसायचा की बाकीच्यांना भिडेखातर हसावं लागे. धाकटीही हसायची. पण तिचं हसू ओठांपुरतंच. आत दात घट्ट आवळलेले असत. काही माणसं राग ओकून मोकळी होतात. ही त्यातली नव्हती. हिने डूख धरला होता, आणि इतक्या वर्षांत तो जराही शिळा होऊ दिला नव्हता.

कारण नाव तिला ठेवलं असलं, तरी घाव तिच्या वडिलांवर होता.

वडील पत्र्याचं काम करायचे. माहेरच्या गल्लीच्या टोकाला त्यांची लांबट शेड होती. तिथे ते बेकऱ्यांचे ट्रे, टपालपेट्या, पाट्यांच्या चौकटी असं काहीबाही बनवायचे. पण त्यांचा जीव होता तो विजेच्या ओव्हनमध्ये. आसपासच्या छोट्या बेकऱ्यांत त्यांच्या हातचे ओव्हन दिवसभर तापत असत आणि कधी कुरकुर करत नसत. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी तिच्यासाठी एक ओव्हन बनवला. दुहेरी पत्रा, दाराला काच, हाताला चटका बसू नये म्हणून लाकडाची मूठ. शेडमध्ये तो पुन्हा पुन्हा तापवून पाहिला, शेजारपाजारच्यांना ब्रेड खाऊ घालून बेजार केलं, आणि मग टेम्पोत घालून स्वतः सासरी घेऊन आले.

सासरी त्या ओव्हनसाठी मोठ्या दिराने स्वयंपाकघरात मोठ्या पिनेचा नवा पॉइंट काढून ठेवला होता. दीर काही वायरमन नव्हे. तो फर्निचरच्या दुकानात सोफे विकायचा. पण घरातला नळ म्हणू नका, बिजागरी म्हणू नका, तार म्हणू नका, त्याचा हात लागल्याशिवाय कशाचं भलं होत नाही अशी त्याची समजूत होती. "बाहेरचा माणूस कशाला? मी आहे ना!" हे त्याचं लाडकं वाक्य. आणि सासूबाईंना थोरल्याच्या हातगुणाचं भारी कौतुक.

ओव्हन आला त्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं होतं. नव्या सुनेच्या हातचा केक खायला सगळे बाहेरच्या खोलीत वाट बघत बसले होते. धाकटीने ओव्हनचं बटण दाबलं आणि खट्ट! दिवे विझले, बाहेरच्या खोलीतले पंखे गरगरत थांबले, फ्रिज मुका झाला. दिराने पेटीतले स्विच वर केले. पुन्हा बटण, पुन्हा खट्ट.

"ओव्हन आहे की बॉम्ब?" दीर म्हणाला.

सासूबाई म्हणाल्या, "व्याह्यांनी लेकीला भंगार देऊन पाठवलं की काय?" हळू आवाजात नाही, अगदी कोपऱ्यातल्या पाहुण्यालाही ऐकू जाईल अशा बेताने.

वडील उठले. पिशवीतून वीज तपासायचा दिवा काढला, दिराला बरोबर घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतलं. बराच वेळ दोघं आत होते. बाहेर आले ते वडीलच पुढे. "माझंच चुकलं," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "ओव्हनमध्येच दोष राहिलाय. घेऊन जातो." आणि तो जड ओव्हन पोटाशी धरून ते जिना उतरले. धाकटीने खिडकीतून पाहिलं. गल्लीत जागोजागी ओव्हन टेकवत, दम खात ते चालले होते, आणि मागे पाहुणे बिस्किटांवर भागवत होते.

त्यानंतर वडिलांनी ओव्हन बनवणं सोडलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आता हात थरथरतो." साफ खोटं. ट्रेच्या कडा ते अजून सुतात दुमडत होते. मुलीच्या सासरी मात्र त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही. दिराने त्या पॉइंटसमोर डब्यांचं उंच कपाट उभं केलं आणि भिंतीत स्क्रूने घट्ट आवळून टाकलं. पुढे धाकटीने साधी किटली आणली तरी तो आधी हातात घेऊन उलटीपालटी करायचा आणि विचारायचा, "वडिलांनी बनवली नाही ना?"

तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण सगळ्यात जास्त जाळायची ती दुसरीच गोष्ट. तिलाही आतून वाटत होतं, की ओव्हन खरंच बिघडलेला असेल. बाबांनी स्वतः कबूल केलं होतं ना! ज्या माणसाच्या हाताची ती शपथ घ्यायची, त्याच्यावर तिने संशय घेतला होता. तो संशय तिच्या मनात घालणाऱ्याला ती कधीच माफ करणार नव्हती.

पुढे ती एका दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर लागली. घरी सांगितलं, वेळ जात नाही म्हणून. खरं कारण वेगळं होतं. ओव्हन का ट्रिप करतो हे तिला एकदाचं जाणून घ्यायचं होतं. दुकान म्हणजे बोळकांडीच. मागे मिस्त्री बसायचा, पुढे ती, आणि मध्ये रांगेने मिक्सर, टोस्टर, किटल्या, प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी बांधलेली. जळक्या वार्निशचा वास केसांत बसायचा.

काउंटरवर बसून बसून ती तरबेज झाली. गिऱ्हाईक वस्तू ठेवायच्या आत हिचे प्रश्न सुरू. किटली उतू गेली होती का? मग खाली पाणी शिरलंय. उन्हात वाळवा, नाहीच जमलं तर आणा. ओव्हन किती दिवस बंद होता? कॉइलने ओल धरली असेल. एकटा लावला तर चालतो आणि दुसरं काही सुरू असताना पडतो? मग दोघांचीही थोडी थोडी विजेची गळती आहे. एकट्याची खपून जाते, दोघांची मिळून पकडली जाते. एका बाईला तिने पत्ता न लागणारं दुखणं नुसत्या प्रश्नांवर शोधून दिलं होतं. बाई रोज ओला फडका टोस्टरवर वाळत घालत होती. मिस्त्री मागून ओरडला होता, "आता तूच बस इथे, मी काउंटरवर येतो!"

आणि एक दिवस एक गृहस्थ विजेची शेगडी घेऊन आले. दुकानात शेगडी मस्त तापली. घरी नेली की ट्रिप. पुन्हा आणली, पुन्हा तापली. गृहस्थ वैतागले, मिस्त्री वैतागला. मग त्याने विचारलं, "पेटीत ट्रिप स्विच किती?"

"दोन. एक स्वयंपाकघराचा, एक बाकीच्या घराचा."

"शेगडी लावली की पडतात किती?"

"दोन्ही."

मिस्त्रीने शेगडी सरळ त्यांच्या हातात परत दिली. "हिची काही चूक नाही. हिने गळती केली असती तर फक्त स्वयंपाकघराचा स्विच पडला असता. दोन्ही पडतात म्हणजे तुमच्या पॉइंटची वायरिंग चुकलीय. वीज जाते एका लाइनीतून आणि परत येते दुसऱ्याच लाइनीतून. एका स्विचला वाटतं आपली गेली ती आलीच नाही, दुसऱ्याला वाटतं ही आगाऊ कुठून आली. दोघंही घाबरून पडतात. घरच्या घरी कुणीतरी हुशारी केली असणार."

धाकटीच्या हातातली चिठ्ठी तशीच राहिली. बाहेरच्या खोलीतले पंखे! ओव्हन स्वयंपाकघरात होता आणि पंखे बाहेरच्या खोलीतले थांबले होते. अख्खं घर बंद पडलं होतं. पाहुण्यांसकट सगळ्यांनी पाहिलं होतं आणि कुणाच्याच डोक्यात प्रकाश पडला नव्हता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्या आगीत, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, तिला बरंही वाटलं.

पण ही बाई कच्चं काम करणारी नव्हती. घरचे सगळे जावेच्या भावाचं नवीन घर बघायला गेले तेव्हा ती डोकं दुखतंय म्हणून मागे राहिली. कपाटातले डबे उतरवले, स्क्रू काढले, कपाटाखाली जुनी चादर सरकवली आणि ते इंच इंच ओढलं. मागे कोळिष्टकांत पॉइंट होता. दुकानातून आणलेली मोठ्या पिनेची शेगडी तिने त्याला लावली. खट्ट! दोन्ही स्विच खाली. तीच शेगडी तिने गिझरच्या पॉइंटला लावली. कॉइल हळूहळू लाल झाली आणि लालच राहिली.

ती त्या शेगडीसमोर फरशीवर बसून हसली. मग रडली. मग उठली आणि कपाट होतं तसं लावून ठेवलं, डबे होते त्या क्रमाने मांडले. आता सांगून टाकलं असतं तर काय झालं असतं? दीर म्हणाला असता, "असेल बुवा," आणि चॅनल बदलला असता. तिला "असेल बुवा" नको होतं. ज्या माणसांसमोर बाबांचा पाणउतारा झाला, त्याच माणसांसमोर तिला थोरल्याचं पितळ उघडं पाडायचं होतं. आणि बाबा तिथे हवे होते, पहिल्या रांगेत.

संधी दिरानेच आपणहून आणून दिली. त्याने एक ढब्बू, चकचकीत ओव्हन विकत घेतला. "कंपनीचा आहे," तो धाकटीकडे बघून म्हणाला, "घरगुती नाही."

"मग भाऊजी, त्याच पॉइंटला लावू या ना," धाकटी मधासारख्या आवाजात म्हणाली. "कपाटामागचा. तुम्ही स्वतःच्या हाताने काढलेला. उगाच वाया चाललाय."

दिराचा चेहरा एका क्षणात उतरला. फक्त एक क्षण. पण ही काउंटरवर बसून माणसं वाचायला शिकली होती.  ह्याला माहीत आहे. आजचं नाही, तेव्हापासून माहीत आहे. आतापर्यंत तिला तो अडाणी वाटत होता. आता तो तिला लबाड वाटला, आणि तिने मनातल्या मनात शिक्षा वाढवली.

"गिझरचा पॉइंट आहे की," तो म्हणाला.

"आणि आंघोळी?" सासूबाई म्हणाल्या. "बरोबर बोलतेय ती. तुझा पॉइंट असताना दुसरा कशाला?"

आईच्या कौतुकापुढे त्याचं काही चालेना. मग तो आठवडा धाकटीने डोळ्यांत तेल घालून घालवला. दुकानातून रजा काढली. कपाट हलवून झालं होतं. दीर हातात टेस्टर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आला की ही हजर. "काय हवंय भाऊजी? चहा टाकू?" तो पाणी पिऊन परत जायचा. इतकं पाणी तो माणूस जन्मात प्यायला नसेल. आणि सगळ्यांदेखत भिंत उघडायची म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःचं नाक कापणं. ते त्याला जमणारं नव्हतं.

बाबांना बोलवायला ती शेडमध्ये गेली. ते नाही नाहीच म्हणत होते. "माझं काय काम तिथे?"

"केक खायला या. नवा ओव्हन लावतोय, त्या मोठ्या पिनेच्या पॉइंटला."

वडिलांच्या हातातली पत्र्याची कात्री थांबली. "तिथे नको लावूस," ते म्हणाले.

"का?"

"उगाच. जुनं कशाला उकरायचं?"

तिला वाटलं, बिचारे अजून घाबरतात. तिला भरून आलं. "बाबा, माझ्यासाठी या," ती म्हणाली, आणि ते आले.

सगळे जमले. सासूबाई, जाऊ, नवरा, तेव्हाचे बहुतेक पाहुणे. बाबा दाराजवळच्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते.  केकचं भांडं आत गेलं.

"भाऊजी, मान तुमचा," धाकटी म्हणाली. "बटण तुम्ही दाबा."

"तूच दाब."

"छे! माझा हात लागला आणि काही झालं तर? मी ट्रिपवाली."

लोक हसले. दिराला हसता आलं नाही. त्याने बटण दाबलं. खट्ट! दिवे गेले, पंखे गरगरत थांबले. नवऱ्याने स्विच वर केले. पुन्हा खट्ट.

"आता?" धाकटी म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच नवा वाटला. "हा तर कंपनीचा आहे ना? हा तर घरगुती नाही?" मग तिने ओव्हनचा प्लग उपसला, दुकानातली शेगडी लावली, दोन्ही स्विच पुन्हा पाडून दाखवले, तीच शेगडी गिझरच्या पॉइंटला लावून लालभडक करून दाखवली. प्रत्येक पायरी ती लहान मुलांना शिकवावं तशी सांगत होती, आणि प्रत्येक वाक्य दिराकडे बघून बोलत होती. "चूक ओव्हनची नव्हती. चूक भिंतीत होती. आणि भिंतीत हात कुणाचा होता ते सगळ्यांना माहीत आहे."

सासूबाई थोरल्याकडे वळल्या. "तुला माहीत होतं?"

दीर भिंतीला टेकला. कोंडीत सापडलेला माणूस जे करतो तेच त्याने केलं. दुसऱ्याकडे बोट दाखवलं. "ह्यांनीच सांगितलं होतं मला! आत दिवा लावून बघितलं आणि म्हणाले, तुमच्या तारा उलटसुलट झाल्यात. मी म्हटलं, आत्ता बाहेर सांगू नका, माझी लाज जाईल. तर म्हणाले, नाही सांगत. मी दोष माझ्यावर घेतो, तुम्ही सवडीने तारा बदला आणि माझ्या पोरीला नीट वागवा. आता इतक्या वर्षांनी मलाच एकट्याला का धरता?"

"आणि सवड झाली नाही तुला?" सासूबाई म्हणाल्या. 

धाकटीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती वडिलांकडे वळली होती. "बाबा? खरं आहे?"

"तू नवी होतीस गं ह्या घरात," वडील म्हणाले. "मोठ्या दिराला चारचौघांत खोटं पाडून मी निघून गेलो असतो. त्याचा राग रोज कुणी सोसला असता? तूच ना?"

"आणि मी जे सोसलं ते? भंगारवाल्याची पोर म्हणून राहिले मी इथे! मलासुद्धा वाटायचं की तुमच्या हातून चुकलं. मला तरी सांगायचं होतं!"

"तुला सांगितलं असतं तर तू भांडली असतीस."

"भांडलेच असते!"

 इतकी वर्षं साठवलेलं सगळं उसळून वर आलं होतं, आणि ज्याच्यावर ओतायचं तो भिंतीला चिकटून केव्हाच निकालात निघाला होता. पण आग काही विझली नव्हती.

"मग आता सांगा," ती म्हणाली. "ह्या सगळ्यांसमोर. तेव्हा उभं राहून खोटं बोललात ना? आता उभं राहून खरं बोला."

वडील खुर्चीचा हात धरून उठले. "ओव्हन चांगला होता," ते म्हणाले.

"ऐकू नाही आलं. मोठ्याने."

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. मग घसा साफ केला. "माझा ओव्हन चांगला होता," ते मोठ्याने म्हणाले, आणि शेवटच्या शब्दावर त्यांचा आवाज फाटला. "त्यात काही दोष नव्हता. मला ठाऊक होतं."

"पुन्हा."

"अगं पुरे!" सासूबाई ओरडल्या. त्या उठून तिच्या आणि वडिलांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या होत्या. "मी बोलले होते त्यांना, मला बोल. माझ्या पोराने केलं, त्याला बोल. पण म्हाताऱ्या माणसाला किती वेळ असं उभं करणार आहेस?"

धाकटीने पाहिलं. ज्यांना खाली मान घालायला लावायची म्हणून ती जागली होती, त्यातला एक भिंतीला टेकून आरामात होता आणि दुसरी तिला दटावत होती. भरल्या घरात एकटे उभे होते ते बाबा, आणि त्यांना तिने उभं केलं होतं.  ती सासूबाईंना वळसा घालून बाबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.